संगणकाची वीज अंगणातल्या खड्ड्यापासून

अनवाणी पायांनी फरशीवर बसून संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते, हा अनुभव खानदेशातल्या पुष्कळ घरांना परिचयाचा आहे. ‘थोडा करंट मारतो, चालायचंच,’ असे म्हणून तो सोडून दिला जातो आणि पुढे त्याच घरात यूपीएस कोणता घ्यावा, इन्व्हर्टरला बॅटरी किती मोठी लावावी, यावर मात्र तासभर चर्चा होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. घरच्या संगणकाच्या वीजव्यवस्थेची सुरुवात बॅटरीपाशी होत नाही. ती अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी, म्हणजे घरातली अर्थची तार जमिनीत गाडलेल्या पाइपाला जिथे जोडली जाते तिथे, होते.

त्या मुंग्या कशामुळे येतात, ते आधी पाहू. संगणकातल्या एसएमपीएस या वीजपुरवठा-पेटीत येणाऱ्या विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेले तरंग, गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. त्यांतला एक फेज आणि अर्थ यांच्यामध्ये, तर दुसरा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेला असतो. गोंगाटाला जमिनीत जायची वाट करून देणे हे त्यांचे काम असते. अर्थची तार जोडलेलीच नसेल, तर हे दोन सारखे कपॅसिटर २३० व्होल्टची बरोबर मधोमध वाटणी करतात आणि पेटीचा पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असल्याने तो जीवघेणा नसतो, पण तीन पिनांपैकी सर्वांत लांब आणि जाड पिन नुसतीच शोभेची आहे, हे तो स्पष्टपणे सांगत असतो. ती पिन लांब ठेवण्यामागे हेतू आहे: प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा.

अर्थिंग ‘आहे’ असे सांगितले जाते, तेव्हाही ते मे महिन्यात असते का, हा प्रश्न आपल्या भागात विचारायलाच हवा. जमिनीतून वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि तेव्हा तिचा विद्युतरोध बराच कमी असतो, पण तीच जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि गाडलेल्या पाइपाभोवतीची माती त्याच्यापासून अक्षरशः सुटते. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत पाइप खाली ओलीपर्यंत पोहोचवता येतो. साक्रीकडच्या माळावर मात्र थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, तेव्हा तिथे खड्डा करणाऱ्याचे कौशल्य पणाला लागते. कोळसा आणि मीठ यांचे थर घालण्याची जुनी रीत ओल धरण्यासाठीच आहे, मात्र मीठ हळूहळू पाइपालाच खाते, म्हणून आता बेंटोनाइट मातीचा वापर वाढला आहे. रीत कोणतीही असो, होळीनंतर दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणे हा संगणकाच्या देखभालीतला सर्वांत स्वस्त भाग आहे.

येथे एका घातक सवयीचा उल्लेख टाळता येणार नाही. खड्डा करण्याचा खर्च वाचवण्यासाठी काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या छिद्राला जोडून देतात. मुंग्या लगेच थांबतात आणि घरमालक समाधानी होतो. पण पुढे कधी न्यूट्रलची तार मागे कुठे तुटली, तर घरातल्या दिव्या-पंख्यांतून आलेला फेज त्याच तुकड्यावाटे थेट संगणकाच्या पत्र्यावर येतो आणि त्या वेळी लागणारा झटका मुंग्यांचा नसतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली असेल, तर ती अंगातून जमिनीत निसटणारा प्रवाह ओळखून क्षणार्धात वीज तोडते. खऱ्या अर्थिंगच्या जोडीला ती असावीच.

न्यूट्रल तुटण्याचा दुसरा परिणाम थेट यंत्रावर होतो. गावातल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज निघतात आणि वेगवेगळी घरे वेगवेगळ्या फेजवर असतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असले, तरी दोन फेजमधले अंतर सुमारे ४०० व्होल्टचे असते. सामाईक न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरे एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि हे ४०० व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्या बाजूला भार कमी, तिच्या वाट्याला जास्त दाब (व्होल्टेज) येतो. एसएमपीएस साधारणपणे २६४ व्होल्टपर्यंत सोसण्यासाठी बांधलेला असतो. त्यापुढे त्यातले कपॅसिटर फुगतात किंवा फुटतात आणि ‘लाइट वाढली नि सगळं जळालं’ असे आपण म्हणतो.

आता तारांकडे वळू. दुकानात ‘दीडची’ आणि ‘अडीचची’ वायर मागितली जाते, तेव्हा तो तांब्याच्या छेदाचा चौरस मिलिमीटरमधला आकार असतो. संगणकाला दीडची वायर पुरेशी आहे. घोटाळा बहुधा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात होतो, कारण त्याची तार अनेकदा अर्ध्या चौरस मिलिमीटरचीच असते. अशा दहा मीटर तारेचा जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. तिच्यावर सहा अँपिअरचा भार टाकला की सुमारे २५ वॉट उष्णता त्या तारेतच निर्माण होते आणि तार गुंडाळलेली असेल, तर ती बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्याच बोर्डावर कूलर लावणे हा आणखी एक प्रमाद आहे. कूलरची मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा दाबाच्या टोकदार उसळीच्या रूपाने शेजारच्या प्लगकडे जाते. कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही हे मान्य, पण त्याचा प्लग वेगळ्या बोर्डावर असावा.

एवढे झाल्यावर बॅटरीचा विचार करण्यात अर्थ आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भाराखालीही आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद संगणक चालू ठेवतो. साधा यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून संगणकाला खाडा जाणवत नाही. घरगुती इन्व्हर्टरला मात्र बहुधा दोन अवस्था असतात आणि त्या निवडण्याचे बटन पुष्कळदा मागच्या बाजूला, धुळीत असते. साध्या अवस्थेत तो अदलाबदलीला इतका वेळ घेतो की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस अवस्थेत तो वेळ कमी होतो आणि दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला तरी तो बॅटरीवर जातो. केळीच्या पट्ट्यात शेतपंप सुरू होण्याच्या वेळी दाब उतरतो, तेव्हा वीज ‘असूनही’ इन्व्हर्टर बॅटरी खात राहतो, याचे कारण हे बटन असते.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले असले, तरी त्याची खरी क्षमता बहुतेक वेळा ३६० वॉटच असते. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास साठवते, पण हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावरचा आहे. संगणक आणि पडदा मिळून १५० वॉट ओढू लागले की शिशाच्या पट्ट्यांच्या आतपर्यंत आम्ल वेळेत पोहोचत नाही, साठ्यातला जवळपास निम्मा भागच हाती येतो आणि १५ मिनिटांच्या आसपास खेळ आटोपतो. काम जतन करून यंत्र नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, कारण कागदावर शाई पक्की करणारा त्याचा तापक क्षणभर कित्येकशे वॉट मागतो. तासन्‌तास काम करायचे असेल, तर १५० अँपिअर-तासांची नळीदार (ट्यूब्युलर) बॅटरी लागते. ती अर्ध्याच्या थोडी पुढे रिकामी केली, तरी हाच भार पाच-सहा तास निघतो.

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली आणि तिचे रसायन तेव्हापासून फारसे बदललेले नाही. तिचा खरा शत्रू लोडशेडिंगपेक्षा ऊन आहे. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, कारण पट्ट्या गंजवणारी रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहूनही तापते आणि आपण बॅटरी नेमकी जिन्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवतो. तापलेल्या बॅटरीला भरणीचा (चार्जिंगचा) दाब थोडा कमी लागतो, दर अंशाला प्रत्येक सेलमागे सुमारे तीन मिलिव्होल्ट. स्वस्त इन्व्हर्टर हे पाहत नाहीत, त्यामुळे बॅटरी उकळत राहते आणि डिस्टिल्ड वॉटर भराभर आटते. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि शेजारी देवघरातला दिवा नको. जुन्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात बॅटऱ्या जास्त टिकतात, यात म्हणूनच नवल नाही.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच असूनही त्याच्या धुरांड्यांच्या नजरेतल्या गावात लाइट जाते, हा विनोद जुना आहे; पण यंत्राला अधिक धोका लाइट परत येण्याच्या क्षणी असतो. ‘लाइट उनी!’ असा पोरांचा आवाज उठतो, तेव्हा सगळे पंप, कूलर आणि फ्रिज एकदम सुरू होतात आणि दाब काही काळ खालीवर होत राहतो. यूपीएस नसेल, तर भिंतीवरचे बटन तोवर बंद ठेवून पाच मिनिटे थांबावे.

उरली इंटरनेटची तार. तिच्यातल्या आठ तारांच्या चार जोड्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि ग्रहण करणारे यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचत असल्याने तो वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी काढली होती. तरीही ही तार विजेच्या पाइपातून नेऊ नये, हातभर दूर ठेवावी आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. गच्चीवरून शेजारच्या घरात तांब्याची तार नेण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा, कारण मृगाच्या आधीच्या वळिवात जवळपास वीज पडली की तिच्यात उमटलेली उसळी दोन्ही घरांचे राउटर एकदम घेऊन जाते. काचेच्या फायबरमधून ती उसळी येतच नाही.

राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण १०-१५ वॉट घेतात आणि ते मुळात १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करून पुन्हा १२ करण्यापेक्षा त्यांना १२ व्होल्टचा छोटा स्वतंत्र यूपीएस द्यावा. फायबर थेट इंटरनेट कंपनीच्या केंद्रातून येत असेल, तर वाटेत खांबावर दिसणाऱ्या डब्यांना वीज लागतच नाही, कारण त्यांत प्रकाश वाटून देणारे काचेचे विभाजक असतात. सारे गाव अंधारात असले तरी तुमचा डबा आणि ते केंद्र जागे असेपर्यंत जोडणी चालू राहते. वाटेतल्या खांबावर विजेवर चालणारा स्विच असेल, तर मात्र त्या खांबाची लाइट कोणत्या डीपीवरून येते, हे जोडणी घेतानाच विचारून ठेवावे.