मागील बाकी, नवा पाम

आंब्याचा धंदा असलेल्या आमच्या रत्नागिरीच्या घरात दिवाळी पाडव्याला नवी वही उघडली की वर ‘श्री’ आणि खाली जुन्या वहीतून ओढलेल्या बाक्या. पेट्यांचे कुणाकडून किती यायचे, खताचे कुणाला किती द्यायचे. काका हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. एक आकडा उतरवताना चुकला की वर्षभर तोच चालतो.

नव्वदच्या दशकात त्याच्या खिशात डिजिटल डायरी आली. नवी घ्यायची तर जुनीचा पडदा बघत एकेक नंबर पुन्हा दाबायचा. काही मॉडेलांना केबल असे, आमच्याकडे नव्हती. एका श्रावणात सेल उतरला आणि वाशीच्या दलालांचे सगळे नंबर गेले. ‘वहीला सेल लागतो काय रे?’ एवढंच तो म्हणाला.

मार्च 1996मध्ये यू. एस. रोबोटिक्सने पायलट 1000 आणि 5000 हे खिशात मावणारे छोटे कॉम्प्युटर आणले, तेच पुढे ‘पाम’ म्हणून ओळखले गेले. पहिल्यात मेमरी 128 किलोबाइट, दुसऱ्यात 512. ते घडवणाऱ्या जेफ हॉकिन्सने आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून आकार ठरवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण माझ्या मते खरी करामत होती ती पाळण्यावरच्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या त्याच्या स्टँडवरच्या बटणात. ते दाबलं की हॉटसिंक होई आणि खिशातल्या वहीची प्रत कॉम्प्युटरवर उतरे. नोंद बदलली की तिच्यावर खूण पडे आणि पुढच्या वेळी तेवढ्याच नोंदी जात. मधे दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडलं असेल तर खुणांवर भरवसा न ठेवता सगळी वही ताडून पाहिली जाई.

त्यामुळे यंत्र बदलणं सोपं झालं. कोरा पाम पाळण्यात ठेवायचा, नाव विचारलं की जुनंच नाव निवडायचं, बस. पत्ते, तारखा, कामं, टिपणं परत येत. बॅकअपची खूण असलेलं बाकी सामान ‘बॅकअप’ फोल्डरमधून येई. सगळं त्या नावावर अडलेलं. मी शहाणपणा करून नव्या पामला नवं नाव दिलं. पाम कोराच राहिला, वर पैसे भरून घेतलेले दोन प्रोग्राम पुन्हा कोड मागू लागले, कारण असे बरेच कोड त्या नावावरूनच बनत.

2002मध्ये टंगस्टन टी हा नवा पाम आला आणि खरी गोची झाली. त्यातली पाम ओएस 5 ही सिस्टिम एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चाले. जुने प्रोग्राम त्यावर ‘पेस’ नावाच्या थरातून, म्हणजे एका अर्थी दुभाष्याकरवी चालत. साधे प्रोग्राम निभावत. सिस्टिमच्या आत हात घालणारे ‘हॅक’ मात्र मेले, आणि बॅकअप फोल्डरमधून तेही निमूट नव्या यंत्रात येऊन बसत. मग यंत्र सुरू होतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. त्यावर तोडगा काकाच्या पद्धतीचाच होता: फोल्डरचं नाव बदलून तो बाजूला ठेवायचा, आधी फक्त नोंदी ओढायच्या, मग प्रोग्राम एकेक करून, प्रत्येक वेळी चालतोय ना बघत.

सेलचा प्रश्न तोवर होताच. नोंदी रॅममध्ये, म्हणजे वीज तुटली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असत. दोन ट्रिपल-ए सेल बदलायला जेमतेम मिनिट मिळे. लाइट गेलेली, कंदिलाच्या उजेडात नवे सेल दातांत धरून काका झाकण उघडायचा. 2004च्या ट्रिओ 650 या पामच्या फोनमध्ये चार्ज संपला तरी नोंदी टिकू लागल्या.

पाममध्ये देवनागरी नव्हती, म्हणून नावं रोमनमध्ये भरलेली. पाममधून कॉम्प्युटरवर, तिथून एका फोनवर, तिथून दुसऱ्या. काकाच्या आताच्या फोनमध्ये वाशीचा दलाल अजून त्याच स्पेलिंगने आहे, आणि त्याचा बंद पडलेला लँडलाइन नंबर दोनदा.