रात्रीचे पर्वतीय वारे आणि धुराचा प्रवास : पार्श्वभूमी

इंदूरहून महूच्या पुढे घाट उतरू लागले की, हिवाळ्याच्या तिन्हीसांजेला चोरलच्या खोऱ्यात शेकोट्यांचा धूर वर न चढता उताराला धरून पसरलेला दिसतो. रात्री उतारावरून खाली वाहणाऱ्या अशा गार वाऱ्यांचे गणित आल्प्समधील अभ्यासकांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत मांडले. मात्र त्यांना हवेत रस होता, धुरात फारसा नव्हता. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात सुमारे साठ माणसे दगावली, तेव्हाही चर्चा मुख्यतः कोंडलेल्या हवेचीच झाली.

वाहत्या हवेचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो कॅनडातील ट्रेल येथे. कोलंबिया नदीच्या अरुंद खोऱ्यातील तेथला शिसे-जस्त गाळण्याचा कारखाना अमेरिकेच्या सीमेपासून सरळ रेषेत जेमतेम अकरा किलोमीटरवर होता. १९२५ आणि १९२७ मध्ये ४०९ फुटांची धुराडी उभारली गेली, तरी गंधकाचा धूर सीमेपलीकडच्या शेतांवर उतरतच राहिला. दोन्ही देशांनी नेमलेल्या लवादाने १९३८ मध्ये अमेरिकेला ७८,००० डॉलरची भरपाई मंजूर केली आणि १९४१ मध्ये अंतिम निवाडा केला. शेजारी देशाला धुराने इजा पोहोचवण्याचा हक्क कोणालाच नाही, हे त्यातले तत्त्व कायद्याचे अभ्यासक आजही उद्धृत करतात. माझ्या मते त्याहून मोलाचा भाग हवामानाचा आहे आणि तोच दुर्लक्षित राहिला. रात्रभर नदीच्या दिशेने सरकणारा धूर खोऱ्यात वरच्या थरात न विस्कटता साठतो आणि ऊन चढताच मैलोन्‌मैल जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर उतरतो, असे नोंदींतून दिसले होते. म्हणून दर तासाला किती गंधक सोडायचे, याची मर्यादा ऋतू, वेळ, वारा आणि हवेतील घुसळण पाहून ठरवण्यात आली. सार्वभौमत्वाच्या भंगाबद्दल अमेरिकेने वेगळी भरपाई मागितली होती, ती मात्र नाकारली गेली. ही त्या निवाड्याची कच्ची बाजू.

पुढे १९८४ मध्ये कोलोरॅडोच्या ब्रश क्रीक खोऱ्यात रात्री खुणेचे वायू सोडून त्यांचा माग काढण्यात आला. सकाळी ऊन पडलेल्या उताराकडे हवा आडवी ओढली जाते आणि वायूही त्याच बाजूला जातो, हे त्यातून कळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळची वायुगळतीची रात्र घडली. तेथील कारखान्यात उरलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळण्यात आला. पीथमपूर पठारावर आहे, दरीत नाही. तेव्हा ट्रेलचे नियम तेथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी हिवाळी रात्री उघड्या माळावरही जमिनीलगत गार थर बसतोच. इंदुरात माझ्या कानावर आलेल्या बोलण्यात मात्र किती जाळले, एवढेच होते. कोणत्या प्रहरी जाळले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.