वळीव आणि चक्रीवादळ: शब्द एक, धोके दोन

माझं माहेर सांगलीकडच्या तासगाव तालुक्यात आणि सासर कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धन तालुक्यात. उन्हाळ्याच्या शेवटी दोन्हीकडून फोन येतात आणि दोन्हीकडे शब्द एकच असतो, वादळ. आई सांगते, "काल दुपारी वादळ झालं, शेडवरचा कागद फाटला, बेदाणा भिजला." सासूबाई सांगतात, "वादळ येतंय म्हणे, बंदरावर धोक्याचा बावटा लावलाय." आईचं वादळ होऊन गेलेलं असतं, सासूबाईंचं अजून यायचं असतं. दोन्ही घरांनी कसं वागायचं, हे या फरकावरच ठरतं. शब्द एकच असल्यामुळे एकीकडची सवय माणसं दुसरीकडे नेतात आणि तिथेच जिवावर बेततं.

आधी आईचं वादळ, म्हणजे वळीव. चैत्र-वैशाखात जमीन भाजून निघते, तिच्यावरची दमट हवा वर उसळते आणि दुपारनंतर एखादा ढग उभाच्या उभा वाढत जातो. दहा-बारा किलोमीटर उंची तो तासाभरात गाठतो, कधी त्याहूनही वर जातो. पाऊस सुरू झाला की ढगातली गार हवा त्या सरींबरोबर खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पावसाआधी जो धुळीचा गार झोत अंगावर येतो, तो हाच. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि तोही चार-पाच गावांपुरता. पलीकडच्या वाडीत पानही हलत नाही.

चक्रीवादळाचा जन्म समुद्रावर होतो. पाणी साधारण 26-27 अंशांच्या वर तापलेलं लागतं, आणि कमी दाबाचं क्षेत्र त्या पाण्यावर दिवसेंदिवस वाढत जातं. वारा ताशी 62 किलोमीटरच्या वर टिकून राहिला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं आणि नाव देतं. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो. अरबी समुद्रात त्याचे हंगाम दोन: मे-जून आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, वरच्या थरातले वारे इतके जोरदार असतात की वादळाला सहसा उभं राहायला जमत नाही. आमच्या किनाऱ्याला आठवतात ती नावं म्हणजे नोव्हेंबर 2009 मधलं फयान, 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 मधलं तौक्ते. तौक्ते तर जमिनीवर आलं गुजरातमध्ये, पण जाता जाता गोव्यापासून वरपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याला झोडपून गेलं. वादळ आपल्याकडे धडकणार नाही म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी.

वळीव तुम्हाला मिनिटं देतो, चक्रीवादळ दिवस देतं.

वळवाच्या दिवसात जिल्ह्याला ‘येलो अलर्ट’ असतो. तो अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि पाऊस पडतो तीन गावांत. चार वेळा काहीच झालं नाही की पाचव्या वेळी कोणी बघत नाही. म्हणून वळवाला जिल्ह्याच्या इशाऱ्यावर थांबायचं नाही, आपले डोळे आणि कान वापरायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास विजा पडत असल्या तर सांगतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असावं. पण रानात रेंज नसते, तेव्हा मोजायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावरही पडू शकते. हातातलं काम तिथेच टाकून निघायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत रानात जायचं नाही. हा अर्धा तास पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण ऊन पडलेलं असतं आणि भिजलेला माल डोळ्यांसमोर असतो.

निघायचं ते पक्क्या घरात, किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत. खोपीत नाही, ट्रॅक्टरवर नाही, चारी बाजूंनी उघड्या शेडखाली नाही. झाडाखाली तर मुळीच नाही. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून सगळीकडे पसरते. एक पाय इथे आणि दुसरा पाय दोन फुटांवर असेल, तर या दोन जागांच्या विजेच्या दाबातल्या फरकाने करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून एका झाडाखालची चार-चार जनावरं एकाच वेळी जातात. आभाळ भरून येताना आमचे वडील आधी झाडाखालची दावी सोडायला धावायचे. लहानपणी मला वाटायचं, म्हशी भिजतील म्हणून ते धावतात. गाठायला काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसावं, डोकं खाली आणि हात कानांवर. आडवं पडू नये. चौघे असाल तर घोळक्याने न बसता लांब लांब बसावं.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावला तर काही होत नाही. हृदय थांबलेलं असलं तरी छातीच्या मधोमध जोराने दाबत राहिल्यास माणूस वाचू शकतो. शेणात पुरण्यात, कांदा हुंगवण्यात जी मिनिटं जातात, ती त्याची असतात. एकाने छाती दाबत राहावं, दुसऱ्याने 108 लावावा. मोबाइल खिशात असल्याने वीज पडते हाही गैरसमज. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात घेऊ नये.

चक्रीवादळात विजांचा धोका तुलनेने कमी असतो. तिथे मारतो तो वारा, आणि त्याच्याबरोबर पाणी. वळवाचा झोत पाच-दहा मिनिटं छळतो, हा वारा तासन् तास एकाच जागी धक्के देत राहतो. निसर्गच्या वेळी श्रीवर्धन-दिवेआगरकडे ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता. नारळ वाकतो आणि सावरतो, पण सुपारीच्या अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या. आंबा मुळासकट गेला, कारण जांभ्यावरची माती उथळ आणि डोक्यावर पानांचा भार. वाडीतली सुपारी नव्याने लावून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात. त्यामुळे तिथे वादळ म्हणजे एका हंगामाचं नुकसान राहत नाही.

पण हे वादळ चार दिवस आधी कळतं. त्या चार दिवसांत करण्यासारखं पुष्कळ आहे. घरावर झुकलेल्या आणि वाळलेल्या फांद्या उतरवणं, तयार नारळ-शहाळी पाडून घेणं (तो सुटलेला नारळ वाऱ्यात दगडासारखा येतो), कौलांची कोनं (आढ्यावरची कौलं) बघणं, विहिरीच्या पंपाचं स्टार्टर उंचावर नेणं, दोन दिवसांचं पाणी भरणं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधणं. पत्र्यावर दगड किंवा टायर ठेवायची आपल्याकडे दोन्ही मुलखांत पद्धत आहे. ती मोडली पाहिजे. वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतो, आणि मग दगड झोपलेल्या माणसावर पडतो. पत्रा पाइपला हुकांनी घट्ट पकडलेला असावा, कडेच्या रांगेत तर जास्तच. हे काम वळवासाठी फाल्गुनातच करून ठेवावं लागतं, कारण ढग दिसल्यावर शिडी लावणं म्हणजे आत्महत्या. वाऱ्याच्या तोंडची दारं-खिडक्या दोन्ही वादळांत बंदच. आत शिरलेला वारा छपराला आतून ढकलतो.

वळीव थांबला की तो थांबलेला असतो. अर्धा तास सोडला तर पुढे धोका नाही. चक्रीवादळाचा मध्य, ज्याला डोळा म्हणतात, गावावरून गेला तर वारा एकाएकी पडतो, कधी ऊनही दिसतं. माणसं बाहेर येऊन पत्रे गोळा करू लागतात. मग थोड्या वेळाने वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो, आणि पहिल्या वाऱ्यात कललेली झाडं दुसऱ्यात पडतात. देशावरचा पाहुणा कोकणात असेल तर त्याला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्याची सवय पाऊस थांबला की बाहेर पडायची. रेडिओवर किंवा तलाठ्याकडून वादळ पुढे सरकल्याचं कळेपर्यंत दार उघडायचं नाही.

नंतरच्या दिवसांत पडलेल्या तारेला कोणी हात लावू नये, लाइट गेलेली असली तरी. शेजारच्याने जनरेटर घरच्या वायरिंगला थेट जोडला असेल तर तीच मेलेली तार उलटी जिवंत होते, आणि खांबावर चढलेला वायरमन त्यात सापडतो. तार पडल्याचं 1912 वर कळवावं. निसर्गनंतर काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती, म्हणून हा धोका लांबतो. वळवानंतर लाइट बहुधा त्याच दिवशी येते.

नुकसानभरपाईचं दोन्हीकडे सारखंच आहे. पंचनामा होईपर्यंत पडलेलं तसंच ठेवणं शक्य नसतं, म्हणून उचलण्याआधी फोटो काढावेत. वीज पडून माणूस गेला तर वारसांना चार लाखांची मदत मिळते, पण शवविच्छेदन झालेलं असावं लागतं. दुःखात घरची माणसं त्याला नकार देतात आणि नंतर हातात कागद राहत नाही. अशा वेळी गावातल्या कोणीतरी शांतपणे जवळ बसून हे सांगायला हवं.

सगळ्यात गोंधळाचा महिना ऑक्टोबर. देशावर सोयाबीन काढणी, कोकणात भातकापणी, आणि दोन्ही वादळांचा हंगाम एकाच वेळी. तेव्हा आभाळाकडे असं बघावं: सकाळ स्वच्छ, दुपारी उकाडा आणि एका बाजूला चढणारा काळा ढग असेल तर तो परतीचा गडगडाटी पाऊस, वळवाच्याच जातीचा, विजांचा. कापणी सोडा, घर गाठा. सकाळपासूनच सगळं आभाळ भरलेलं, गडगडाट नाही, पण वारा धरून आहे आणि तासातासाला वाढतो आहे, समुद्राची गाज रोजच्यापेक्षा मोठी आहे, तर बंदरावर कोणत्या नंबरचा बावटा लागलाय ते विचारा, आणि होडी पाण्यात गेली असेल तर आधी तिला फोन लावा.