लिटमस आणि दर्शक संच : आधी आपलं पाणी ओळखा

लातूरच्या आमच्या दुकानातून घेतलेल्या या डब्यात लाल आणि निळ्या लिटमसचं एकेक बुक, फिनॉल्फ्थॅलिन व मिथिल ऑरेंजची छोटी बाटली, दोन ड्रॉपर आणि सहा परीक्षानळ्या आहेत. दर्शक म्हणजे आम्ल आहे की आम्लारी (आम्लाच्या उलट, चुन्यासारखं) ते रंग बदलून सांगणारा पदार्थ; आम्ल लागलं की निळा लिटमस लाल व्हायला हवा. आम्ल दिलेलं नाही, ते मुद्दाम. आठवीच्या मुलाला जे शिकायचंय ते लिंबू, चिंच, चुना आणि खायचा सोडा यांत भागतं. फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली कृपा करून प्रयोगाला घेऊ नका.

मागे एका शाळेतून बुकं परत आली. सरांची तक्रार अशी, की अर्धा पेला पाण्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकले, निळा कागद बुडवला, तरी तो निळाच राहिला. आम्ही तेच बुक, तेच लिंबू घेतलं. पाणी मात्र बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेतलं. कागद बुडाला आणि लाल झाला. शाळेतलं पाणी बोअरचं होतं.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बहुधा बायकार्बोनेटचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तो त्यांचाच. आम्ल पाण्यात गेलं की हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात आणि निळ्या लिटमसला लाल करतात ते हेच आयन. पण कागदापर्यंत पोचण्याआधीच बायकार्बोनेट त्यांना गाठतं. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होऊन आम्ल खर्ची पडतं. पटत नसेल तर त्या पातेल्यातल्या थरावर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतील. शहाबादी फरशीवरही येतील, पण तिथे करू नका, डाग पडतो आणि बोलणी तुम्हाला बसतात.

म्हणून या संचातला प्रत्येक प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. नाहीच मिळालं तर पातेलं उघड्यावर ठेवून धरलेलं पावसाचं पाणी चालेल. पत्र्यावरून आलेलं नको. कोरड्या सोड्यावर कोरडा कागद ठेवून काही कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. पाणी लागतंच.

फिनॉल्फ्थॅलिनचा प्रयोग आमच्या सगळ्यात आवडीचा. चिमूटभर खायचा चुना पाण्यात ढवळा, तासभर ठेवा आणि वरची निवळी अलगद नळीत घ्या. एक थेंब दर्शक टाकला की ती गडद गुलाबी होते. आता लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडा, दर थेंबाला नळी हलवा. थेंब पडतो तिथला रंग जातो, हलवलं की परत भरून येतो. पुढे परतायला उशीर लागू लागतो, आणि मग एका थेंबाला गुलाबी जातो तो जातोच. पुस्तकात ज्याला उदासिनीकरण म्हणतात ते हेच: हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं मिळून पाणी झालं. थेंब मोजून वहीत लिहा. हाच प्रयोग बोअरच्या पाण्यात केला तर आकडा जुळायचा नाही.

मिथिल ऑरेंज आम्लात लाल, आम्लारीत पिवळा. त्याला याहून जास्त जागा देत नाही.

शेतात माती परीक्षणाच्या कागदावर जो ‘सामू’ असतो, तोच पुस्तकातला पीएच. डेन्मार्कच्या सोरेन्सनने तो 1909 साली मांडला. 7 म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, वर आम्लारी. एक अंक खाली आला की आम्लता दहापट होते, दोन आले की शंभरपट. लिंबाचा रस साधारण 2, चुन्याची निवळी 12 च्या आसपास. चुनखडीच्या जमिनीत सामू 8 च्या आसपास किंवा वर जातो, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि मोसंबीची पानं पिवळी पडतात. घरी बाग असेल तर हे आजोबांना विचारा.

हरभरा उभा असेल तर पहाटे निळा कागद घेऊन शेतात जा. दवात भिजलेल्या पानाला नुसता टेकवा, लाल होईल. ज्या आंबेने अनवाणी पाय चरचरतात, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. आणि ज्या लिटमसने ते दाखवलं तो मूळचा लायकेनपासून, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून वाढणाऱ्या जोडीपासून, काढलेला रंग. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, जात तेवढी वेगळी.

लिटमस संपला तर हळद आहे. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो, ते आता तुम्हीच सांगाल. हळद आम्लात मात्र पिवळीच राहते, त्यामुळे ती फक्त आम्लारी दाखवते.

सरांसाठी : शाळेत तीव्र आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात, बारीक धारेने, ढवळत. पाणी आम्लात कधीही नाही. उष्णतेने ते उसळून तोंडावर येतं. फिनॉल्फ्थॅलिन अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं आहे, बाटली बर्नरपासून लांब ठेवा. लिटमसची बुकं आम्लाच्या बाटल्यांच्या कपाटात ठेवू नका, वाफेनेच निळी पानं तांबूस होतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात टिकतात. बुकं सुटीही मिळतात, सगळा संच पुन्हा घ्यायची गरज नाही.