देवळाच्या सभामंडपातून मैफलीच्या मंचावर

गोव्याच्या गायिका देशातल्या मोठ्या मंचांवर पोहोचल्या त्या बहुतेक मुंबईमार्गे. पोर्तुगीज राजवटीत इथले शास्त्रोक्त गाणे जगले ते देवळांच्या आधाराने. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळेची शांतादुर्गा अशा देवस्थानांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायका पालखीपुढे, उत्सवात गात. गळा घरचाच, पण मान मात्र नाही. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसारखा लयीचा अवलिया याच वातावरणातला.

केरीच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले असे गुरू झाले, पण तालीम तुटत राहिली. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधून रीतसर शिष्यत्व घेतले ते १९२१ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या सुमारास. इतर गायिका तोवर नाव कमावून बसतात! मग संस्थानिकांचे दरबार झाले, संगीत परिषदा झाल्या, कोलकात्याने 'सूरश्री' म्हटले. १९७७ मध्ये 'नासा'च्या व्हॉयेजर अवकाशयानांसोबत त्यांची भैरवी गेली, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची मैफलीतली जरब. देवळात सेवेकरी म्हणून उभी राहणारी परंपरा इथे श्रोत्यांना शिस्त लावत होती.

सगळ्यांच्या वाट्याला ती जरब आली नाही. कुर्डीच्या मोगूबाई लहानपणी नाटक मंडळीत होत्या. पुढे त्याही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. आईबरोबर तंबोऱ्यावर जाणाऱ्या त्यांच्या कन्या किशोरी आमोणकरांनी पुढे मुलाखतींतून सांगितले, की गायिका म्हणून आईला प्रवासात, मुक्कामात कशी दुय्यम वागणूक मिळे. किशोरीताईंच्या अटींबद्दल, मैफल थांबवण्याबद्दल रसिक कुरकुरत. त्या अटींची मुळे आईच्या त्या दौऱ्यांत आहेत.

याच वाटेवरच्या अंजनीबाई मालपेकर १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या पहिल्या महिला फेलो ठरल्या. मास्टर दीनानाथांची आई येसूबाई मंगेशीच्या देवळाच्या परंपरेतली. तिची नात लता १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायली. मधे फक्त एक पिढी.

दरम्यान या कलावंत घराण्यांच्याच गोमंतक मराठा समाजाने बायकांना देवळाशी बांधणारी जुनी प्रथा मोडायला घेतली आणि मुलींना शाळेची वाट दाखवली. त्यामुळे गाणाऱ्या घरांतली पुढची पिढी डॉक्टर, शिक्षक झाली. गाण्याचे त्यात थोडे नुकसान झाले, असे म्हणणारे भेटतात; ते नुकसान सोसायला हरकत नव्हती.

गोव्याला स्वतःचा मोठा मंच मिळाला तो मुक्तीनंतर. कला अकादमी १९७० ची, चार्ल्स कुरैयांनी रेखाटलेली पणजीतल्या कांपालची तिची वास्तू त्याहून नंतर उभी राहिली. केसरबाईंनी जाहीर गाणे साठच्या दशकातच थांबवले होते. त्यांच्या नावाचा संगीत समारोह आता कला अकादमीच भरवते.