कोकणातली अद्भुत रानं: सडे, राया आणि राखणदार

अमक्या राईत रात्री देवचार, म्हणजे रानाची राखण करणारा आत्मा, फिरतो, तमक्या सड्यावर बावल्या कोरलेल्या आहेत, पलीकडच्या कुंडांत मनाला येईल तेव्हा गंगा अवतरते. कोकणात अशा गोष्टी ऐकल्या की त्या ठिकाणी चालत जाता येतं. या जागा एकमेकींशी जोडलेल्याही आहेत, आणि त्यांचा इतिहास जांभ्यापासून सुरू होतो.

काळ्या बसाल्टवर युगानुयुगं पाऊस कोसळला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. तो हा तांबडा जांभा आणि त्याचे सपाट माथे म्हणजे सडे. उन्हाळ्यात सडा बोडका दिसतो, पण दगड सच्छिद्र असतो. मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराला झरा फुटतो. गावाची देवराई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, पुष्कळदा अशाच पाण्याशेजारी असते.

याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या आकृती, आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. काही सड्यांवर गेंडाही दिसतो. आज कोकणात गेंडे नाहीत, आणि हत्ती दिसतात ते दोडामार्गाकडे अलीकडच्या काळात कर्नाटकातून आलेले मोजकेच. म्हणजे कोरणाऱ्यांनी पाहिलेलं रान वेगळंच होतं. अभ्यासक या शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी काळापर्यंत, मागे नेतात. देवाचे गोठणे इथल्या कातळावर होकायंत्राची सुई भरकटते, कारण तिथला दगडच चुंबकीय आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या चित्रांना गावकऱ्यांनी बावल्या म्हटलं आणि ती जागा कधी विसरली नाही. या ओळखीमुळेच संशोधकांना वाट सापडत गेली, हे आवर्जून सांगायला हवं.

पाण्याची नवलं निराळी. ठाणे जिल्ह्यातल्या अकलोलीपासून दापोलीचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ ते राजापूरचं उन्हाळे अशी गरम झऱ्यांची रांग किनाऱ्याला समांतर जाते. जमिनीतल्या खोल भेगांमधून तापलेलं पाणी वर येतं. याच उन्हाळे गावात ती प्रसिद्ध गंगाही आहे. 14 कुंडं, एरवी कोरडी, आणि साधारण तीन वर्षांनी अचानक भरणारी. अलीकडे हा क्रम पुष्कळदा मोडला आहे. भूगर्भात वक्रनळीसारखी (सायफनसारखी) रचना असावी आणि ती भरली की पाणी एकदम उसळत असावं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

मात्र खरं ऐश्वर्य देवरायांचं. रवळनाथ, सातेरी, काळकाई, वाघजाई यांच्या नावानं राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही. वाळलेलं लाकूडही न उचलण्याची रीत कित्येक गावांत होती. देवळाच्या कामाला झाड हवं तर आधी देवाचा कौल घ्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, मगच हात लावायचा. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. आजूबाजूचं रान राबासाठी (शेत भाजायच्या पालापाचोळ्यासाठी), सरपणासाठी, कोळशासाठी तुटत गेलं, पण देवाच्या धाकानं राई उभी राहिली. तिच्यात मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली अजून झाडांवरून लोंबतात. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल टिकली, तीही राईच्या आधारानंच. चिखलातून श्वासासाठी गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी ती झाडं मी या सगळ्या यादीत सर्वांत वर ठेवीन.

विज्ञानानं हे उशिरा पाहिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातल्या चिमुकल्या माशाला 2020 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं आणि 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत, एक कुडोपी आणि एक गोव्यातलं फणसामाळ.

राईला निदान राखणदार आहे. सड्याची नोंद सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) किंवा पडीक अशीच असते, त्यामुळे तिथे चिऱ्याची (बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याची) खाण पडताना फारसं कुणी अडवत नाही. खालच्या राईचा झरा मात्र त्याच सड्यात मुरलेल्या पाण्यावर चालतो.