गळ्याच्या कॅन्सरचा शेक आणि मधल्या सुट्ट्या

गळ्याचा कॅन्सर निघाला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, शेक म्हणजे रेडिएशन दिलं तर बरा होतो का? याला एका आकड्यात उत्तर नाही, कारण गळा म्हणजे काही एकच जागा नाही. स्वरयंत्राच्या पट्टीवर छोटा कॅन्सर असेल तर नुसत्या रेडिएशनने दहातल्या जवळपास नऊ जणांचा तिथला आजार आटोक्यात येतो आणि आवाजही राहतो. तिथे बारीकशी गाठ आली तरी आवाज बसतो म्हणून माणूस लवकर दाखवायला येतो, शिवाय पट्टीत लसिकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कॅन्सर मानेतल्या गाठींकडे जातो त्या बारीक नळ्या, फारच कमी, त्यामुळे मानेत पसरायला वेळ लागतो. तेच स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी झाला तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही, गिळताना थोडं टोचतं, कानात ठणकतं, आपण थंडी-खोकल्याच्या गोळ्या खात बसतो आणि मानेत गाठ दिसली की मग धावपळ. तिथे पाच वर्षांनी जेमतेम तीनातला एक हयात असतो.

हे झालं कुठे आणि किती पसरलंय त्याचं, ते आता कोणाच्या हातात नाही. पण एक गोष्ट बरीचशी हातात असते आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, ती म्हणजे शेक न चुकवणं.

नेहमीचा कोर्स साधारण ७० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) असतो, रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे ३५ वेळा, सात आठवडे. एकदम का देत नाहीत? कारण रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं, चांगल्या पेशी मधल्या तासांत तो बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. रोज थोडं थोडं देऊन हाच फरक वाढवत न्यायचा असतो. पण याची दुसरी बाजू अशी की तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सर पेशी आधीपेक्षा जोरात वाढायला लागतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, अर्ध्या वावराचं निंदण करून आठवडाभर घरी बसलं तर काय होतं ते त्याला माहीत असतं.

आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, नेमकं याच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेशंटचं तोंड सोलून निघतं. तर्री पोहे सोडा, साधं वरणही झोंबतं, थुंकी गिळवत नाही, मानेची कातडी काळी पडते, त्यात नागपूरचा मे महिना असेल, ४५ डिग्री, तर विचारूच नका. मग गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेला माणूस, जो तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलजवळ नाहीतर जामठ्याच्या बाजूला कुठेतरी खोली करून राहतोय, तो म्हणतो आठ दिवस गावी जाऊन येतो, थोडं बरं वाटलं की परत सुरू करू. घरच्यांनाही ते पटतं. पण त्या आठ दिवसांत तोंडाची साल भरून येते तशी आतली गाठही भरून येत असते.

किती फरक पडतो? कोर्स एक दिवस लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ ते १.४ टक्क्यांनी कमी होते असा हिशोब आहे. उलट बाजूनेही हे तपासलंय. डेन्मार्कमध्ये १९९२ ते १९९९ दरम्यान १४७६ पेशंटना तेवढाच डोस कोणाला आठवड्यात ५ वेळा, कोणाला ६ वेळा दिला, म्हणजे कोर्स फक्त आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेले ६० टक्क्यांवरून ७० वर गेले, आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये आवाज वाचलेले ६८ वरून ८० टक्क्यांवर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त कॅलेंडर! एकूण आयुष्य मात्र वाढलेलं दिसलं नाही हेही खरं, पण स्वरयंत्र काढून गळ्याला भोक न पाडता बोलता येणं ही छोटी गोष्ट आहे का?

औषधाचाही वाटा आहेच. आजार पुढे गेलेला असेल तर शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. २००३ साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात दोन वर्षांनी स्वरयंत्र शाबूत असलेले नुसत्या रेडिएशनवर ७० टक्के होते, सोबत सिस्प्लॅटिन दिलेल्यांत ८८ टक्के. पण त्याने तोंड अजून सोलतं, म्हणजे सुट्टी घ्यायचा मोह अजून वाढतो.

सणामुळे, मशीन बंद पडल्यामुळे दिवस गेलाच तर डॉक्टरांना विचारायचं की भरून कसा काढणार. शनिवारी देता येतो, नाहीतर एकाच दिवशी दोनदा, मध्ये किमान ६ तास सोडून. खाणं जात नसेल तर नाकातून नळी टाकून घ्यावी, लोकांना वाटतं नळी लागली म्हणजे आता संपलं, पण ती बहुतेक वेळा कोर्स पूर्ण व्हावा म्हणूनच असते.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटलेला माल. गुटखा २०१२ पासून महाराष्ट्रात बंद आहे, कागदावर, पण पानठेल्यावर खर्रा घोटणं काही थांबलं नाही. खर्रा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंच उघडतं त्यांचे दात शेकाच्या आधीच बघून घ्यावे लागतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही, सडू शकतं. बिडी-सिगरेट ओढत शेक घेणाऱ्यांत तर शेकाचा असर स्पष्ट कमी दिसलाय.

शेक संपल्यावर लगेच स्कॅनची घाई करू नका. गाठ नंतरही कित्येक आठवडे विरघळत असते, सूजही असते, म्हणून पेट स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात, आधी केला तर उगाच काहीतरी चमकताना दिसतं आणि घर रात्रभर जागतं. तोंडाची चव यायला काही महिने लागतात, कोरडेपणा कमी-जास्त राहतो. थायरॉइड मात्र हळूच मंदावतं, कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी, आणि पेशंट थकलाय म्हणजे आजार परत आला असं समजून सगळे घाबरतात. सहा महिन्यांनी एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघत राहिलं की ते पकडता येतं, आणि त्यावर रोजची एक गोळी असते.